सरकीचं तेल आणि ‘नॅचरल’चा शिक्का

यावल तालुक्यातल्या आमच्या शेतावर दर थंडीत एकदा भरीत होतं. बामणोदकडची पांढऱ्या रेघांची हिरवी, हातात न मावणारी वांगी, कपाशीच्या काड्यांचा जाळ, कळण्याची भाकरी, मुळा आणि कांद्याची पात. जेवायला तीस-चाळीस माणसं असतात आणि त्यातली दहाएक कामाची. यंदा माझा चुलतभाऊ बापू एक काचेची बाटली घेऊन आला. भरिताला आज हेच तेल, असा त्याचा हुकूम. लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल होतं. रंग सोनेरी, वास झकास. “रिफाइंड बंद केलं भो घरात. विष आहे ते.” इथवर कोणाचीच हरकत नव्हती. मग त्याने पुढचा बेत सांगितला. घरचीच कपाशी, मग सरकीही घरचीच. जिनिंगवरून दोन पोती सरकी परत आणायची, त्याच घाण्यावर काढायची, की वर्षभराच्या तेलाचा प्रश्न मिटला. “ना केमिकल, ना भेसळ. शंभर टक्के नॅचरल.”

तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवल्याचा एक तोटा असा, की अशा वेळी गप्प बसता येत नाही. मी म्हटलं, बापू, शेंगदाण्याचं खा, तिळाचं खा, करडईचं खा. पण सरकीचं तेल घाण्यावरून थेट कढईत घालू नकोस. हे एक तेल असं आहे की ते रिफाइंडच खायचं.

सरकीचा एक दाणा घ्या, नखाने सोला आणि आतला गर आडवा चिरून उजेडात धरा. पिवळसर गरावर काळे बारीक ठिपके दिसतील, मोहरीपेक्षाही लहान. त्या गाठींत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं. कपाशीने ते माणसासाठी बनवलेलं नाही. किड्यांनी आणि जनावरांनी आपल्याला खाऊ नये म्हणून बनवलं आहे. म्हणजे ते कपाशीचं स्वतःचं कीटकनाशक. बी दाबून काढलेल्या कच्च्या तेलात ते उतरतं. चीनमध्ये कच्च्या सरकी तेलावर स्वयंपाक होणाऱ्या काही गावांत मुलं होईनाशी झाली, तेव्हा शोध घेता घेता माग या द्रव्यापर्यंत लागला. त्यावरून १९७० च्या दशकात तिथल्या शास्त्रज्ञांनी पुरुषांसाठी गर्भनिरोधक गोळीच करून पाहिली आणि आठ हजारांहून अधिक पुरुषांवर चाचण्या घेतल्या. गोळी लागू पडली, पण काहींची जननक्षमता कायमची गेली आणि काहींच्या रक्तातलं पोटॅशियम इतकं उतरलं की हातापायांतली ताकद गेली. शेवटी ते औषध सोडून द्यावं लागलं.

मग आपल्याकडच्या फरसाणच्या कढयांत सरकीचं तेल बिनधोक कसं चालतं? कारण कारखान्यात ते कच्चं तेल कॉस्टिक सोड्याने धुतात. क्षाराबरोबर गॉसिपॉल निघून जातं, मग रंग आणि वास काढतात. ‘कॉस्टिक’ हा शब्द ऐकला की बापूच्या अंगावर काटा येतो. पण त्या ‘केमिकल’ने निसर्गाचं विष काढलं, तेव्हा कुठे ते तेल माणसाच्या पोटात जाण्याजोगं झालं. म्हशीला सरकी ढेप चालते, कारण तिच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात गॉसिपॉल बांधलं जातं. लहान वासराचा तो कप्पा तयार झालेला नसतो, म्हणून जाणता गोठेवाला वासरापुढे ढेप ठेवत नाही. खानदेशात हे ज्ञान गोठ्यात आहे. जेवणाच्या ताटापाशी आलं की ते कुठे जातं, कोण जाणे.

माझा वाद बापूशी नाही, त्याच्या बाटलीवरच्या शब्दाशी आहे. नैसर्गिक म्हणजे आरोग्याला चांगलं, हे समीकरण आपण कधी तपासलंच नाही. ते तपासायला प्रयोगशाळा लागत नाही, आपलं शेतशिवार पुरे. झाडाला पाय नाहीत. खायला येणाऱ्यापासून त्याला पळता येत नाही. म्हणून ते काटे काढतं, चीक काढतं, खाज, कडूपणा, विष तयार करतं. ब्रूस एम्स या अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञाने १९९० मध्ये सहकाऱ्यांबरोबर हिशेब मांडला होता, की अमेरिकी माणसाच्या आहारातून पोटात जाणाऱ्या कीटकनाशकांपैकी वजनाने ९९.९९ टक्के झाडांनी स्वतः बनवलेली असतात. त्यातली बहुतेक इतकी थोडी असतात की आपलं यकृत त्यांना सहज निपटतं. पण फवारलेलं ते विष आणि झाडाचं ते अमृत, अशी विभागणी रसायनशास्त्राला ठाऊक नाही.

ज्वारीचंच बघा. दादरची भाकरी म्हणजे खानदेशचा प्राण. पण पाऊस ताणला असताना गुडघ्याखालच्या कोवळ्या ज्वारीत किंवा कापणीनंतर धसकटाला फुटलेल्या हिरव्या फुटव्यांत ढोर शिरलं, तर घरातलं पोरगंसुद्धा काठी घेऊन धावतं. कारण त्या हिरव्या पानांतून ढोराच्या पोटात सायनाइड सुटतं. ढोर धापा टाकतं, लटपटतं आणि तासाभरात संपूही शकतं. तेच पीक मोठं होतं, कापलं जातं, वाळतं, त्याचा कडबा होतो आणि वर्षभर त्याच ढोराला पोसतो. झाड एकच. त्याचं वय काय, पाऊस किती झाला आणि ते वाळलं की नाही, यावर ते चारा की विष हे ठरतं. ‘नैसर्गिक’ दोन्ही वेळेला होतंच.

इथे हटकून एक वाक्य येतं, ‘आपले आजी-आजोबा सगळं नैसर्गिकच खात होते, म्हणून तर धडधाकट होते.’ यातल्या दुसऱ्या अर्ध्याबद्दल एवढंच, की धडधाकट राहिले त्यांच्याच गोष्टी आपल्यापर्यंत पोचल्या. हगवणीने दगावलेल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या आत गेलेल्या भावंडांची गोष्ट सांगायला कोणी उरलं नाही. माझ्या आजीला नऊ मुलं झाली, जगली पाच. पण खरी गंमत पहिल्या अर्ध्यात आहे. आजी नैसर्गिक खात होती, हेच मुळात खोटं. निसर्गाने दिलेलं तसंच्या तसं खायचं नाही, हीच तर तिची सगळी विद्या होती.

अळूचं फदफदं चिंचेशिवाय केलेलं कोणी पाहिलंय का? अळूच्या पानात आणि सुरणात सुयांसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशाला टोचतात आणि खाज सुटते. आजीला ऑक्झलेट हा शब्द माहीत नव्हता, पण अळू नीट शिजवायचं आणि आंबट घातल्याशिवाय उतरवायचं नाही, हे माहीत होतं. सातपुड्यात पावसाळ्यात कडूकंद निघतो. तो चिरून, राख लावून उकडतात, वाहत्या पाण्यात ठेवतात, पुन्हा उकडतात, तेव्हा त्याचा कडूपणा जातो. शहरातून रानभाजी महोत्सवाला जाणारे तो कंद टोपलीत पाहून ‘वा, एकदम नॅचरल’ म्हणतात. त्या टोपलीमागची दीड दिवसाची मेहनत आणि कित्येक पिढ्यांनी ठेचा खाऊन मिळवलेली अक्कल त्यांना दिसत नाही.

आणि बिब्बा? डिंकाच्या लाडवात गोडंबी घालतात ती बिब्ब्याच्या आतली. चवीला बदामाच्या तोडीस तोड. पण त्याच बिब्ब्याच्या टरफलातलं काळं तेल कातडीला लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात. परीट कपड्यांवर खूण करायचे ते याच तेलाने, कितीही धुतलं तरी न जाणारी. लहानपणी हट्ट करून बिब्बा फोडायला बसलो होतो. मनगटावर उठलेला चट्टा पुढची दिवाळी येईस्तोवर दिसत होता. आई रागावली नाही, फक्त म्हणाली, “तरी सांगितलं होतं, तेल लावून फोड.” आयुर्वेदात बिब्बा औषध आहे, पण तो आधी विटेच्या भुकटीत घासून शुद्ध करतात. वचनाग या विषारी मुळाचंही तसंच. या प्रक्रियेला शोधन म्हणतात. योग्य रीतीने वापरलं तर तीव्र विषही उत्तम औषध होतं आणि चुकीचं वापरलं तर औषधही विष होतं, असं चरकसंहितेत स्पष्ट म्हटलेलं आहे. आज त्याच आयुर्वेदाच्या नावावर ‘नॅचरल आहे, साइड इफेक्ट नाही’ असं छापलेल्या डब्या विकल्या जातात. चरकाने ते वाचलं असतं तर कपाळावर हात मारला असता.

मी स्वतः शहाणा आहे असं कोणी समजू नये. आठ-नऊ वर्षांपूर्वी साखर काठावर आल्याचं कळलं आणि मी जळगावला मेहरूण तलावावर फिरायला जाऊ लागलो. फिरून आलं की दुधीचा रस प्यायचा, असा तेव्हा तिथल्या मित्रमंडळींचा नेम होता. मेचा महिना, पारा चव्वेचाळीसच्या वर. एके दिवशी घरी काढलेला रस जिभेला कडूजहर लागला. शेजारचे अप्पा म्हणाले, “कडू म्हणजे गुणकारी. डोळे मिटून घे.” मी डोळे मिटले. तासाभरात पोटात पिळवटून आलं, मग उलट्या आणि जुलाब. दुपारी सलाईन. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “रस कडू होता का?” काकडी, दुधी, दोडका या कुळातल्या झाडांत कुकुरबिटासिन नावाचं कडू द्रव्य असतं. माणसाने शेकडो वर्षं गोड फळाचं बी राखून ते कमी करत आणलं आहे, पण पाण्याचा ताण आणि उन्हाचा तडाखा बसला की एखाद्या फळात ते पुन्हा उसळतं. २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा दुधी-कारल्याचा रस प्यायल्यावर मृत्यू झाला होता. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली आणि कडू लागणारा दुधीचा रस मुळीच पिऊ नये, असं बजावलं. आमची आजी काकडी चिरताना देठाकडचा तुकडा आधी जिभेला लावून बघायची. कडू लागला की अख्खी काकडी उकिरड्यावर. जीभ कडू म्हणून थुंकते ते उगाच नाही. ‘कडू म्हणजे औषधी’ म्हणत आम्ही जिभेचं तोंड बंद केलं.

बुरशीदेखील नैसर्गिकच असते, हे विसरायला होतं. आषाढी, नवरात्र, महाशिवरात्र आली की भगर खाऊन विषबाधा झाल्याची बातमी राज्यात कुठून ना कुठून येते. एकाच गावातले पाच-पन्नास उपासकरी दवाखान्यात. भगरीला ओल लागली की तिच्यावर अस्परजिलस जातीची बुरशी वाढते आणि फ्युमिगाक्लेव्हिनसारखी विषं तयार होतात, म्हणून भगर निवडून, स्वच्छ करून घ्या, सुटं पीठ घेऊ नका, दळलेलं फार दिवस ठेवू नका, असं अन्न व औषध प्रशासन दरवेळी सांगतं. भगरीत कोणी काही मिसळलेलं नसतं. फवारणी नाही, रंग नाही. फक्त ओल आणि वेळ. (उपासाच्याच ताटातला साबुदाणा टॅपिओकाच्या कंदापासून होतो. त्या कंदात सायनाइड देणारं द्रव्य असतं. किसून, धुऊन, वाळवून ते घालवल्यावर कारखान्यात त्याचे मोती होतात. निसर्गापासून इतका लांब गेलेला पदार्थ आपल्या सोवळ्यात बिनविरोध बसला आहे.)

पण बापूच्या बाटलीच्या दृष्टीने मोठा मुद्दा शेंगदाण्याचा आहे. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी पटापट मेले. कारण शोधताना ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत बुरशीचं विष सापडलं. तेच अफ्लाटॉक्सिन. ते यकृत खातं, कर्करोगाला कारण होतं आणि भाजून किंवा तळून पुरतं जात नाही. टर्की परदेशातले म्हणून सोडून द्यावं, तर आपल्या शेजारचंच उदाहरण आहे. १९७४ मध्ये गुजरात-राजस्थानच्या सीमेवरच्या आदिवासी गावांत पावसात भिजलेला, बुरशी आलेला मका खाऊन शेकडो लोक काविळीने आजारी पडले आणि शंभरावर दगावले. घरचा मका, घरच्या कणगीतला. दुसरं खायला नव्हतं, म्हणून बुरशी आलेलाही खाल्ला.

रिफायनरीत तेल क्षाराने धुतात तेव्हा अफ्लाटॉक्सिनही बरंचसं निघून जातं. घाण्याच्या तेलाला ही धुलाई नसते. तेव्हा घाण्याचं तेल चांगलं की वाईट, याचं उत्तर घाण्यात नाही, घाण्यात टाकलेल्या दाण्यांत आहे. आमच्याकडे बायका सूप घेऊन बसायच्या. सुरकुतलेला, काळपट, खवट दाणा बाजूला, बुरशी दिसली तर आसपासचे चार आणखी बाजूला. तो निवडलेला दाणा घाण्यावर गेला तर तेल उत्तम आणि चवीला रिफाइंड त्याच्या पासंगाला पुरत नाही, हे मी पण मानतो. पण बाजारातला एखादा घाणेवाला स्वस्त म्हणून निवडून टाकलेला, फुटका, ओला माल उचलत असेल तर? तेलाचा रंग तोच, वास तोच, बाटली काचेची आणि भाव रिफाइंडच्या दुप्पट. मी बापूला विचारलं, “तेल काढायच्या आधीचे दाणे पाहिलेस कधी?” तो गप्प बसला. मग म्हणाला, “लाकडी घाणा आहे ना पण.”

कोणासाठी चांगलं, हा प्रश्नही राहतोच. माझ्या एका मामांनी मधुमेह निघाल्यावर साखर सोडली आणि सेंद्रिय गूळ धरला. चहात गूळ, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आमरसात गूळ, पुरणात तर होताच. सहा महिन्यांनी रिपोर्ट पाहून डॉक्टरच हबकले. गुळात पासष्ट ते पंच्याऐंशी टक्के साखरच असते. थोडं लोह आणि खनिजं असतात, पण त्यांच्या आशेने मधुमेह्याने गूळ खाणं म्हणजे पेपरातल्या पाककृतीसाठी रद्दीचं दुकान विकत घेणं. देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही असल्याचं २०२३ च्या मोठ्या पाहणीत दिसलं. यातले किती जण गुळाचा चहा पीत पथ्य पाळल्याच्या समाधानात असतील, हे ज्याने त्याने आपल्या घरात मोजावं. रावेर-यावलचं केळ कोणाही धडधाकट माणसाला उत्तम, पण मूत्रपिंडं थकलेल्या माणसाला त्यातलं पोटॅशियम जड जातं. मध मोठ्यांना चालतो, पण वर्षाच्या आतल्या बाळाला चाटवू नये, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. मधात बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूंची बीजं असू शकतात आणि बाळाच्या आतड्यात ती रुजतात. आपल्याकडे तर बाळाचं स्वागतच मधाच्या बोटाने होतं.

यातलं सगळ्यात चटका लावणारं उदाहरण बिहारातलं. मुझफ्फरपूरला लिचीच्या हंगामात लहान मुलं पहाटे अचानक आकडी येऊन दगावत. २०१४ च्या साथीचा अभ्यास करणाऱ्यांना दिसलं की लिचीतल्या एका नैसर्गिक द्रव्याने रक्तातली साखर एकदम खाली येते. हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. पण रात्री जेवलेल्या मुलांना तीच लिची सहसा बाधत नव्हती. दिवसभर बागेत पडलेली लिची खाऊन रात्री उपाशी झोपलेली पोरं मरत होती. फळात दोष होता की चुलीत, हा प्रश्न मला अजूनही सतावतो.

आता दुसरी बाजू. ती खोटी नाही. लोक ‘नॅचरल’मागे धावतात ते वेडेपणाने नाही, विश्वास उडाला म्हणून. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने गेले. आम्ही कपाशीवालेच आहोत. फवारणीनंतर रात्रभर डोकं धरून बसलेला माणूस मी आमच्या ओट्यावर पाहिला आहे. वनस्पती तूप माणसाने कारखान्यात बनवलं, पिढ्यांनी स्वस्त म्हणून खाल्लं आणि त्यातली ट्रान्स फॅट हृदयाला घातक ठरली. खाद्यतेल आणि तुपातली तिची मर्यादा दोन टक्क्यांवर यायला २०२२ साल उजाडलं. तेव्हा कारखान्यातून आलेलं ते सुरक्षित, असं म्हणणारा मी कोण? माझं म्हणणं एवढंच, की भीती खरी असली म्हणून कोणताही ताईत खरा ठरत नाही.

आणि हा ताईत छापायला फार काही लागत नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांत ‘नॅचरल’ शब्द कोणी वापरावा हे सांगितलं आहे. पदार्थ एकच असावा, वनस्पती, प्राणी किंवा खनिजापासून मिळालेला असावा, त्यात काही मिसळलेलं नसावं आणि खाण्याजोगा करण्यापुरतीच त्यावर प्रक्रिया झालेली असावी. नियम चांगला आहे. पण नीट वाचा. पदार्थावर काय केलं नाही, हे त्यात आहे. तो तब्येतीला बरा की वाईट, याबद्दल एक अक्षर नाही. या व्याख्येत बुरशी आलेले शेंगदाणेही बसतील.

उलट, ज्याला आपण केमिकल म्हणून नाकं मुरडतो ते कधी कधी झाडाचंच असतं. केळीच्या वखारीत पूर्वी धूर कोंडून केळी पिकवत. आता रायपनिंग चेंबरमध्ये इथिलीन सोडतात आणि त्याला शंभर पीपीएमपर्यंत, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांपर्यंत, परवानगी आहे. ‘गॅसवर पिकवलेली केळी’ म्हणून गिऱ्हाईक तोंड फिरवतं. पण इथिलीन हा पिकणारं केळ स्वतःच सोडतं तोच वायू. पिशवीत एक पिकलं केळ ठेवलं की बाकीची पिकतात, ते याच्यामुळेच. बंदी आहे ती कॅल्शियम कार्बाइडवर आणि ती रास्तच आहे, कारण त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचा अंश असतो. इथिलीन आणि कार्बाइड एकाच ‘गॅस’ शब्दात कोंबले, की नियम पाळणारा व्यापारी आणि चोरून पुडी ठेवणारा व्यापारी गिऱ्हाइकाच्या लेखी सारखेच होतात. मग पहिल्याने चेंबरवर लाखो रुपये का घालावेत?

गुळवेलीचंही तेच झालं. कोरोनात घरोघरी काढा उकळत होता. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. आयुष मंत्रालयाला तो पटला नाही. गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल घेतली गेली असेल, असं मंत्रालयाचं म्हणणं. तज्ज्ञांनी भांडत राहावं. पण माझ्यासारख्या गिऱ्हाइकाला दोन्ही उत्तरांतून एकच कळतं: कुंपणावरून तोडलेली वेल कोणती, किती आणि कोणाच्या पोटात जाते, हे बघायला कोणीच नव्हतं.

म्हणून मागायचंच असेल तर शिक्का कशाला मागायचा? नवरात्राच्या पंधरा दिवस आधी गोदामातल्या भगरीची ओल मोजा. विषबाधा झाल्यावर नमुने घेऊन काय उपयोग? घाण्यावर तेल काढून घेणाऱ्याला परवडेल अशा दरात अफ्लाटॉक्सिनची तपासणी जिल्ह्याच्या गावी होऊ द्या. भाजीवरच्या फवारणीचे अंश तपासून निकाल बाजार समितीच्या फळ्यावर लावा, नावानिशी. शेतकऱ्याला याची भीती वाटेल असं म्हणतात. मला वाटतं, नीट पिकवणाऱ्याला ते हवंच असेल, कारण आज त्याच्या आणि बेफाम फवारणाऱ्याच्या वांग्याला एकच भाव मिळतो.

हे सगळं मी त्या दिवशी एवढं लांबण लावून बोललो नाही. भरीत गार झालं असतं. बापूच्या बाटलीतलं तेल आम्ही घातलं आणि ते खरोखर सुरेख होतं. सरकी मात्र त्याने आणली होतीच, दोन पोती, ट्रॉलीत. ती म्हशीसाठी राहिली.

वांगी जाळावर लावण्याआधी काकू एकेक हातात फिरवून बघत होत्या. एकाला देठाशी बारीक भोक दिसलं. त्यांनी विळीवर चिरलं, आत अळी. बापू लगेच पुढे सरसावला, “काकू, अळी आहे म्हणजे फवारलेलं नाही. एकदम ऑरगॅनिक!” काकूंनी दोन्ही फोडी उचलल्या, त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि शेळीपुढे टाकल्या.